लहान मुलांना चेंडू झेलायला शिकवताना: घरंगळत्या चेंडूपासून टेनिस बॉलपर्यंत

मुलाच्या हातून चेंडू सुटला की आपण त्याच्या हातांकडे बघतो. बघायला हवं ते फेकणाऱ्याकडे. तीन-चार वर्षांच्या मुलाला झेल जमणं बहुतेक वेळा मोठ्या माणसाच्या फेकीवर ठरतं: चेंडू किती मऊ आहे, किती सावकाश येतोय, तो येणार हे मुलाला आधी कळलं का, आणि तो नेमका कुठे पोचतोय. म्हणून आई-बाबा, आजी-आजोबा, अंगणवाडीताई आणि नव्यानेच पहिलीचा वर्ग हाती आलेले शिक्षक यांनी आधी स्वतः नीट फेकायला शिकायचं आहे. मुलाचं शिकणं त्याच्या मागून येतं.

मी खानदेशात, गिरणा नदीच्या काठच्या एका गावात पहिली-दुसरीला शिकवते. दर जूनमध्ये वर्गात अशी मुलं असतातच, जी चेंडू येताना दिसला की मान फिरवतात, डोळे गच्च मिटतात, तळहात तोंडापुढे धरतात. लोक त्यांना भित्री म्हणतात. पण वेगाने तोंडाकडे येणाऱ्या वस्तूपासून चेहरा वाचवणं हे शरीराचं उपजत काम आहे, आणि त्यातल्या कित्येकांना गल्लीत मोठ्या भावाने मारलेला रबरी बॉल कधीतरी नाकावर बसलेला असतो. ही भीती समजावून जात नाही. लागणार नाही असा चेंडू पुन्हा पुन्हा हातात आला, की जाते.

कोणत्या वयाला काय जमतं

दोन-अडीच वर्षांचं मूल जमिनीवर बसून घरंगळत आलेला मोठा चेंडू दोन्ही हातांनी थांबवतं. तिसऱ्या वर्षी ते हात ताठ पुढे करून उभं राहतं. चेंडू हातांवर पडला तर ठीक, नाहीतर मधून निसटतो. चार-साडेचारच्या सुमाराला कोपर वाकायला लागतात आणि मूल चेंडू छातीशी कवटाळतं. फक्त तळव्यांनी धरणं पाच-सहाला सुरू होतं. लहान चेंडू, तोही बाजूला सरकून झेलणं, सात-आठला.

यात वर्षभर मागेपुढे होतं. ज्या घरात रोज कोणीतरी दहा मिनिटं खेळतं तिथलं मूल पुढे दिसतं, त्यामुळे शेजारच्या मुलाशी तुलना करण्यात अर्थ नाही. आणि छातीशी कवटाळणाऱ्या मुलाला ‘असं नाही, हातात धर’ म्हणून टोकू नका. ती त्या वयाची योग्य पायरीच आहे.

काय काय लागेल

- मोठा, हलका प्लॅस्टिकचा चेंडू, साधारण २० सें.मी. व्यासाचा. कुठल्याही आठवडे बाजारात मिळतो. वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेत बोरी नदीच्या पात्रात दुकानं लागतात, तिथूनही मुलं असले चेंडू आणतात. हवा थोडी कमी ठेवा, म्हणजे तो हातावर आपटून उसळत नाही.
- जुन्या जॉर्जेटच्या ओढणीचे मोठ्या हातरुमालाएवढे तुकडे.
- जुना पायमोजा आणि पिंजलेला कापूस.
- कापडाचे चौकोन, सुई-दोरा, थोडी ज्वारी.
- लाल चिकटपट्टी, आणि जमिनीवर खुणा करायला खडू किंवा फक्की.
- टेनिस बॉल. हा सगळ्यात शेवटी.

पायमोज्यात कापूस ठासून भरा, तोंड शिवून टाका आणि वरून दुसरा मोजा उलटा चढवून पुन्हा शिवा. मुलाच्या दोन्ही तळव्यांत मिळून मावेल एवढा चेंडू होतो. कापूस घेताना एक काळजी घ्या. आपल्याकडे वेचणीनंतर भाव वाढेपर्यंत कापूस घरातच साठवलेला असतो आणि त्यातला मूठभर ओढून घ्यायचा मोह होतो. पण अशा साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते, हे ज्यांच्या घरात कापसाची गंजी असते त्यांना सांगायला नको. गादीवाल्याकडचा पिंजलेला कापूस घ्या, नाहीतर जुन्या सुती कपड्यांच्या चिंध्या भरा.

ज्वारीच्या पुरचुंडीसाठी १२ सें.मी.चे दोन चौकोन तीन बाजूंनी दुहेरी शिवा, शंभर ग्रॅमच्या आसपास ज्वारी भरा आणि चौथी बाजू बंद करा. पूर्ण भरू नका. एक तृतीयांश जागा मोकळी राहिली तर पुरचुंडी हातात पडल्या पडल्या तळव्याच्या आकाराची होते आणि उसळून निघून जात नाही. बोटं मिटायला मुलाला वेळ मिळतो, हा तिचा खरा उपयोग. पावसाळ्यात ज्वारीला कीड लागते, तेव्हा पुरचुंड्या उन्हात टाकून डब्यात ठेवा, आणि शिवण उसवली की लगेच टाका घाला.

फुगा मी वापरत नाही. तो सावकाश खाली येतो म्हणून बरेच जण सुचवतात, पण फुटलेल्या फुग्याचा तुकडा मुलाने तोंडात घातला तर तो घशात जाऊन श्वास बंद करू शकतो. वर्गात तीस मुलं असताना प्रत्येक तुकडा वेळेत उचलला जाईल याची खात्री कोणी देऊ नये. ओढणी तेच काम करते. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाताशी गोट्या, सागरगोटे किंवा ४.५ सें.मी.पेक्षा लहान कुठलाच चेंडू ठेवू नका.

जागा आणि वेळ

काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात. अशा जमिनीवर टप्पा पडलेला चेंडू कुठेही उडतो आणि मूल बिचारं आपलंच चुकलं असं समजतं. सारवलेलं खळं, शाळेचा व्हरांडा, सिमेंटचा ओटा किंवा देवळापुढची फरशी चांगली.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. सकाळची शाळा असते तेव्हा पहिल्या तासाला खेळा. घरी असाल तर आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मामाच्या गावी सगळी भावंडं जमलेली असतात, शिकवायला त्याहून चांगला काळ नाही. फक्त दुपारी पोरांना अनवाणी फरशीवर उभं करू नका.

सकाळी आणि संध्याकाळी सूर्य खाली असतो. तुम्ही पूर्वेला आणि मूल पश्चिमेला उभं राहिलं तर सकाळी त्याच्या डोळ्यांवर ऊन येतं आणि चेंडू दिसतच नाही. एकाने उत्तरेला, दुसऱ्याने दक्षिणेला उभं राहायचं. मागची भिंतही बघा: चुना लावलेल्या पांढऱ्या भिंतीपुढे पिवळा चेंडू हरवतो, लाल किंवा निळा उठून दिसतो.

धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, हा खेळ अजिबात नको. वर बघत मागे मागे सरकणं हा झेलण्याचाच भाग आहे, आणि धाब्याला कठडा नसतो. उघड्या विहिरीजवळ आणि रस्त्यालगत खेळतानाही तेच लक्षात ठेवा. चेंडू रस्त्यावर गेला तर तो फक्त मोठा माणूस आणेल, हा नियम पहिल्या दिवशीच सांगा.

१. बसून घरंगळवा

समोरासमोर पाय फाकवून बसा, पावलं पावलांना टेकवा. मधे जो बंद चौकोन तयार होतो त्यातून मोठा चेंडू हळू घरंगळवा. मुलाने तो दोन्ही हातांनी अडवायचा आणि परत ढकलायचा. आजीलाही हा खेळ मांडी घालून खेळता येतो.

वर्गात मी याचीच आगगाडी करते. मुलं गोल बसतात आणि प्रत्येकाला स्टेशनचं नाव मिळतं: जळगाव, धरणगाव, अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार. गाडी सोडणारा आधी नाव पुकारतो, त्या नावाच्या मुलाकडे बघतो आणि मगच चेंडू सोडतो. मुलं नाव ऐकताच हात पुढे करून तयार होतात. पुढच्या प्रत्येक पायरीवर हीच सवय कामाला येते: आधी नाव, मग नजर, मग चेंडू. नाव पुकारायच्या आधीच ‘माले दे, माले दे’ (मला दे) असा गलका होतो. होऊ द्या, पण गाडी पुकारलेल्या स्टेशनलाच जायला हवी.

२. ओढणी उडवा

ओढणीचा तुकडा मधोमध चिमटीत धरून डोक्यावर उडवायचा आणि खाली येताना पकडायचा. तो इतका सावकाश येतो की साडेतीन वर्षांच्या मुलालाही हात कुठे न्यायचा हे ठरवायला वेळ मिळतो. इथे बहुतेक मुलं खाली ओंजळ धरून वाट बघत बसतात. त्यांना सांगा, ‘वर जाऊन घे’. जमू लागलं की पकडण्याआधी एक टाळी, मग दोन, मग गुडघ्याला हात लावून पकड. मग दोघांनी एकमेकांच्या ओढण्या पकडायच्या.

ओढणी लागत नाही. ज्या मुलाचा चेहरा चेंडू दिसताच फिरतो त्याला या पायरीवर हवं तेवढं राहू द्या. घाई केली की भीती परत येते.

३. आपलाच चेंडू आपणच घ्या

मोठा चेंडू छातीच्या उंचीवरून सोडायचा, टप्पा पडून वर आला की दोन्ही हातांनी धरायचा. चेंडू कधी सुटणार हे मुलालाच माहीत असल्यामुळे दचकायला कारण उरत नाही. नंतर पायमोज्याचा चेंडू हनुवटीपर्यंत उडवून झेलायचा. आधी हनुवटी, मग नाक, मग डोकं. उंची वाढली की झेल सुटतात, तेव्हा न सांगता एक पायरी खाली या.

४. टप्प्यावर झेल

दोन पावलांच्या अंतरावर उभे राहा. तुमच्यापासून मुलापर्यंतच्या अंतराच्या दोन तृतीयांशावर, म्हणजे मुलाच्या बाजूला, खडूने फुली काढा. चेंडू त्या फुलीवर टाका. टप्पा पडून तो वर चढत मुलाच्या पोटा-छातीपर्यंत पोचतो आणि त्याचा वेग टप्प्यातच कमी झालेला असतो. चेंडू खालून वर येत असल्याने तो तोंडाकडे येतोय असं मुलाला वाटत नाही. हवेतल्या सरळ झेलाआधी टप्पा घ्यायचा तो यासाठी.

तुमचे चेंडू फुलीवर पडतायत का हे आधी एकट्याने करून बघा. भल्याभल्यांचे पडत नाहीत.

५. हवेतला झेल

इथे सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि इथेच मोठी माणसं घाई करतात.

फेक कशी असावी? हात खालून पुढे यावा. चेंडूची कमान मुलाच्या डोक्याएवढीच उंच असावी आणि तो बेंबी आणि छाती यांच्या मधे उतरावा. दहा फेकी अगदी एकसारख्या, म्हणजे तीच उंची, तीच जागा आणि तोच वेग. प्रत्येक वेळी चेंडू वेगळ्या ठिकाणी गेला तर मूल काहीच शिकत नाही. फेकण्याआधी ‘एक, दोन, घे’ असं एका लयीत म्हणा. अंतर दोन पावलं, मीटर-सव्वा मीटर, एवढंच. मूल लांब पळून ‘इथून टाका’ म्हणेल, तेव्हा तुम्ही पुढे सरका.

मुलाचे पाय खांद्याएवढे फाकलेले, कोपर थोडे वाकलेले, तळवे वर आणि बोटं पसरलेली हवीत. हात चेंडूकडे पुढे जातात आणि चेंडू लागला की पोटाकडे मागे येतात. हे मागे येणं जमलं की उसळून सुटणारे निम्मे झेल हातात राहतात. ओल्या मातीचं मडकं कोणी हातात दिलं तर ते जसं सांभाळून अंगाशी घेऊ तसं घे, असं मी सांगते, आणि मुलांना ते पटकन कळतं.

‘बॉलकडे बघ’ हे वाक्य मुलाला फारसं काही देत नाही, कारण ते बघतच असतं, फक्त बरेचदा तुमच्या चेहऱ्याकडे. चेंडूवर लाल चिकटपट्टीची फुली मारा आणि विचारा, ‘फुली दिसली का? वर होती की खाली?’ उत्तर देण्यासाठी मुलाची नजर हातापर्यंत चेंडूबरोबर जाते. कधी पट्टीच्या जागी आकडा लिहा. पहिलीचं मूल झेलता झेलता आकडा वाचतं आणि त्याचं त्यालाच नवल वाटतं. घरी अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाला सूचना त्याच भाषेत द्या. अहिराणीत ‘दख, धर’ (बघ, धर) एवढं पुरतं. लांब वाक्य संपेपर्यंत चेंडू येऊन गेलेला असतो.

छातीशी कवटाळण्याकडून तळव्यांकडे न्यायला ज्वारीची पुरचुंडी आणा. ती एवढी लहान असते की कवटाळता येत नाही, बोटं मिटावीच लागतात. मूल मोठा चेंडू नेहमी छातीशीच धरत असेल तर बोलून काही होत नाही, वस्तू बदलली की होतं.

६. सरकून झेलणं

आता चेंडू मुद्दाम एक पाऊल बाजूला टाका. आधी सांगून: ‘आता खिडकीकडे.’ मग न सांगता.

पत्र्याचं उतरतं छप्पर असेल तर उत्तम. पायमोज्याचा किंवा हलका रबरी चेंडू छपरावर टाकायचा. तो घरंगळत येतो, कडेला क्षणभर दिसेनासा होतो आणि खाली पडतो. तो कुठून पडेल याचा अंदाज घेऊन तिथे जाऊन उभं राहायचं. मुलं तासन्‌तास खेळतात, फक्त पत्रा वाजतो म्हणून शेजाऱ्यांना विचारून घ्या आणि छपरावर अडकलेला चेंडू काढायला कोणाला वर चढू देऊ नका.

दुसरा खेळ चादरीचा. चार मुलांनी चादरीची चार टोकं धरायची, पाचव्याने चेंडू उंच उडवायचा, चौघांनी धावत जाऊन चादरीत झेलायचा. चौघं वेगवेगळ्या दिशांना ओढतात, पडतात, हसतात, आणि चेंडूखाली वेळेवर कसं पोचायचं हे शिकतात.

सहा वर्षांनंतर हातांची ठेवण सांगा. छातीच्या वरचा चेंडू असेल तर बोटं आभाळाकडे, अंगठे जवळ. कमरेखालचा असेल तर बोटं जमिनीकडे, करंगळ्या जवळ. त्याआधी सांगितलं तर मूल हातांकडे बघत राहतं आणि चेंडू निसटतो.

७. टेनिस बॉल आणि खरे खेळ

पुरचुंडी चार पावलांवरून बहुतेक वेळा तळव्यांत राहू लागली आणि चेहरा फिरणं थांबलं, की टेनिस बॉल द्या. तो साधारण ६.५ सें.मी.चा आणि ५८ ग्रॅमच्या आसपास असतो. सुरुवात पुन्हा टप्प्यापासून. सीझन बॉल, म्हणजे क्रिकेटचा चामडी चेंडू, १५६ ते १६३ ग्रॅमचा आणि टणक असतो. या वयात त्याला हात लावायची गरज नाही, घरात कोणी कितीही मोठा खेळाडू असला तरी.

लगोरीत चेंडू अडवून पटकन दुसऱ्याकडे देणाऱ्या बाजूला लहान मुलांना ठेवा. गल्लीतल्या क्रिकेटमधला ‘एक टप्पा, एक हात आऊट’ हा नियम तर शिकणाऱ्यांसाठी वरदान आहे, कारण टप्पा पडल्यावरही झेल धरला जातो आणि प्रत्येकाच्या वाट्याला संधी येते. सागरगोटेही विसरू नका. गोटा वर टाकून तो खाली येईपर्यंत दुसरे उचलायचे आणि मग तो झेलायचा, यात नजर आणि हात यांचा मेळ टेनिस बॉलपेक्षा बारीक लागतो.

जिथे गाडी अडते

झेल सुटला की बाद, असा खेळ लावू नका. ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे तोच पहिल्या मिनिटाला ओट्यावर जाऊन बसतो. गुण द्यायचेच असतील तर सगळ्यांचे मिळून मोजा: ‘आज आपल्या वर्गाचे वीस झेल.’

मोठ्या भावंडांना फेकायला ठेवत असाल तर त्यांना आधी खडूची फुली आणि ‘एक, दोन, घे’ शिकवा. नाहीतर ती जोर दाखवतात.

चार वर्षांच्या मुलाला दहा-पंधरा मिनिटं पुरे. कंटाळा यायच्या आधी थांबवा, पण रोज खेळा. आठवड्यातून एकदा तासभर खेळून तेवढा उपयोग होत नाही.

आणि मुली. आमच्याकडे सात-आठ वर्षांची मुलगी पाणी भरायला, धाकट्याला सांभाळायला लागते, तेव्हा तिच्याच वयाचा भाऊ चौकात खेळत असतो. पुढे शाळेच्या मैदानावर ‘पोरींना बॉल धरता येत नाही’ असं म्हटलं जातं. ज्यांना कोणी चेंडू फेकलाच नाही त्यांना तो येणार कुठून? वर्गात चेंडू वाटताना मी जोड्या अशा लावते की प्रत्येक मुलीच्या हातात तो मुलाइतक्याच वेळा येतो. घरीही हे करा. धाकटं बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या मुलीलाही दहा मिनिटं मोकळी करता येते, तेवढ्यापुरतं बाळाला आजोबांकडे द्या.

डोळे तपासून घ्या

सहा वर्षांचं मूल मोठा मऊ चेंडू दोन पावलांवरूनही नेहमी चुकवत असेल, हात चेंडूच्या एका बाजूलाच मिटत असेल, बघताना मान तिरकी करत असेल किंवा एक डोळा मिटत असेल, तर सराव वाढवण्याआधी डोळे दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची वैद्यकीय पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत वर्षातून एकदा तपासणीला येतात, आणि दृष्टिदोष त्यांच्या तपासणीत येतो. त्या दिवशी मूल हजर राहील असं बघा आणि चेंडू कुठल्या बाजूने सुटतो, किती अंतरावरून सुटतो हे तिथल्या डॉक्टरांना सांगा. पथक यायला अवकाश असेल तर उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात डोळ्यांच्या विभागात घेऊन जा.